मुद्दाम सैल ठेवलेला पाय

अठ्ठावीस वर्षं झाली, मी अंगणवाडीत पोरांची मोजमापं करते. वजन, उंची, दंडाचा घेर. दंडाची पट्टी हिरव्यावर आली की मी सुटले, पिवळ्यावर आली की आईला बोलावते, लालवर आली की ऑटो करून पोराला वर्ध्याला दवाखान्यात नेते. त्यामुळे ऑगस्टात माधवी नावाची एक मुलगी स्कूटीवरून उतरली आणि म्हणाली, बाई, मला लहान मुलांना वाटणारं अपराधीपण मोजायचं आहे, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, की त्याची पट्टी कुठे बांधायची.

ती हसली नाही. पंचविशीची पोरगी, नालवाडीला खोली करून राहिलेली, नागपूरच्या कुठल्याशा संस्थेचं काम करणारी. माझ्या पर्यवेक्षिकेचं पत्र होतं तिच्याकडे, पालकांच्या सह्यांचे कागद होते, एक छोटा कॅमेरा होता. तिने मला अगदी शांतपणे समजावून सांगितलं. पोराच्या हातून काही मोडलं, दुसऱ्याचं नुकसान झालं, तर चार-पाच वर्षांच्या जिवाला आतून काय होतं, ते बघायचं. नजर खाली घालतो का, खांदे पाडतो का, कबूल करतो का, मोडलेलं जोडायला बघतो का. प्रत्येकाला एक रकाना आणि रकान्यात आकडा. मी म्हटलं, आधी गावातल्या मोठ्या माणसांचं मोज, तुझे आकडे लवकर संपतील.

तिची रीत अशी होती. एक खेळणं पोराच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, हे माझं लहानपणीचं आहे, माझं फार आवडतं आहे, जपून खेळ. खेळण्याचा एक पाय आधीच सैल करून ठेवलेला. दोन मिनिटांत तो निघणारच. निघाला की माधवीने 'अरे' म्हणायचं आणि मग पुरतं एक मिनिट गप्प बसायचं. त्या मिनिटात पोर काय करतं ते कॅमेऱ्यात येतं. मिनिट झालं की खरं सांगायचं, की पाय आधीच सैल होता, तुझी काही चूक नाही. ते मिनिट मला आवडलं नव्हतं, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, बाई, खरं सांगितल्याशिवाय मी एकाही मुलाला घरी सोडत नाही.

पहिल्या दिवशी तिने सोनेरी केसांची एक बाहुली आणली होती. चार पोरं झाली. एकालाही त्या बाहुलीचं काही सोयरसुतक नव्हतं. एका पठ्ठ्याने तर एक पाय निघाला म्हणून दुसराही उपटून दिला, म्हणजे दोन्हीकडून सारखं. माधवीचं तोंड एवढंसं झालं. आणि इथे मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तिला म्हटलं, पोळा आला आहे, तान्ह्या पोळ्याचा बैल घे.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. चाकांच्या पाटीवर उभा लाकडी बैल, त्याला झूल, बेगडाचं बाशिंग, आणि दोरी धरून पोरं दारोदार नेतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, पोराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ नाहीतर चिल्लर. त्या दिवसांत पोरं बैल उशाशी घेऊन झोपतात. बैलाचा पाय मोडला तर आमच्या पोराला काहीतरी वाटेलच, असा माझा हिशोब.

बैल बनवणारे नत्थूजी सुतार. सत्तरीचे आहेत, कानाने थोडे कमी आणि रागाने थोडे जास्त. त्यांना सैल पायाचा बैल बनवून द्या म्हटल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला. चाळीस वर्षांत आपल्या बैलाचा पाय निघाला म्हणून एक माणूस परत आला नाही, आणि आता म्हातारपणी तुम्ही मला निघणारा पाय बनवायला सांगता, असं ते बराच वेळ ऐकवत होते. शेवटी मी भीड घातली तेव्हा बनवला. मात्र हा बैल माझ्या हातचा आहे हे कोणाला सांगायचं नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. आता नत्थूजींच्या बैलाची शिंगं गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं, पण मी हो म्हटलं.

सह्या घ्यायच्या दिवशी काजल सगळ्यात शेवटपर्यंत थांबली. काजल म्हणजे किशोरची बायको. त्यांचं घर माळ्यांचं, भाजीपाला करतात, पहाटे तोडून वर्ध्याच्या बाजारात नेतात. तिची भाविका माझ्याकडे येते, साडेचार वर्षांची. बाकीच्या बाया गेल्या तशी काजल माधवीजवळ सरकली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, पोरीले काळीज हाये का नाई, हे समजते का यात?"

माधवी बिचारी गोंधळली. मला मात्र माहीत होतं ती का विचारते आहे.

झालं होतं असं. चैत्रातला एक रविवार. काजल आणि किशोर वांगी तोडायला गेले होते. घरी म्हातारी कुसुमबाई, म्हणजे किशोरची आई, भाविका, आणि अकरा महिन्यांचा ऋतिक, ज्याला सगळे बाबू म्हणतात. भाविकाला सांगून ठेवलं होतं, बाबूकडे पाहत राहजो. बाबू खाटेवरून पडला, कपाळ खाटेच्या खुरावर आपटलं, रक्ताने सगळं तोंड माखलं. कुसुमबाई धावत आली तर पोरगा जमिनीवर आणि पोरगी घरात नाही. तीन टाके पडले त्याला. मी त्या दिवशी सकाळी विहारातल्या वंदनेहून परत येत होते, तर ही बया बंद अंगणवाडीच्या पायरीवर बसलेली. मीच तिला हाताला धरून घरी पोचवलं. तिथे तो सगळा प्रकार कळला, तशी मी सगळ्यांसमोर बोलले, की भाऊ रक्तात पडला आहे आणि ही तिकडे अंगणवाडीत जाऊन खेळत बसली होती. पोरीच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

तेव्हापासून कुसुमबाई तिला दगडाची पोरगी म्हणते. बाबूला हात लावू देत नाही. तीच ढकलून पळाली असेल, असंही शेजारी बोलून झालं होतं. आणि आता ठरलं होतं, की पोळा झाला की भाविकाला कारंज्याला मामाकडे ठेवायचं. कारंजा घाडगे म्हणजे काही परदेश नाही, पण साडेचार वर्षांच्या पोरीला आईपासून तोडायला तेवढं पुरतं. किशोर आईपुढे बोलत नाही. काजलला कुणातरी शिकलेल्या माणसाच्या तोंडून हवं होतं, की माझी पोरगी वाईट नाही.

माधवीने तिला खरं ते सांगितलं. एकेका मुलाचा निकाल आम्ही देत नाही, आणि एका मिनिटावरून कुठल्याच मुलाचा न्याय करता येत नाही. काजल खाली बघत राहिली. मग म्हणाली, "फकस्त पाहा तिले. वाटलं तर सांगजा, नाई तर नका सांगू." मी माधवीला बाजूला घेऊन म्हटलं, भाविकाचं नाव यादीत घाल. मला त्या कसोटीवर भरवसा नव्हता, पण काजलच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बैलाचं काम बुधवारी सुरू झालं. खोलीत माधवी आणि एक पोर, बाकी कुणी नाही. मी खिडकीबाहेर तांदूळ निवडायचं सोंग करून बसले होते. पहिल्या पोराने पाय निघाल्याबरोबर भोकाड पसरलं. दुसऱ्याने त्या खोलीत नसलेल्या एका पोराचं नाव सांगितलं, की त्याने मोडला. तिसरी पोरगी म्हणाली, "नत्थू आबाजी लावून देते ना," आणि तीन पायांचा बैल खुशाल हाकत बसली. माधवी बाहेर येऊन मला विचारू लागली, की हे दुरुस्तीत धरायचं की बेफिकिरीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपल्या गावात बैलाचा पाय मोडणं ही काही आपत्ती नाही. ते नत्थूजींचं काम आहे. मी दिलेला सल्ला त्या पोरीच्या सगळ्या रकान्यांवर पाणी ओतत होता.

अकराच्या सुमारास भाविका आत गेली. काजलने करकचून घातलेल्या दोन वेण्या, अंगात पिवळा फ्रॉक. बोलायचं काम नाही. बैल घेतला, दोनदा पुढे-मागे ओढला, पाय निघाला. माधवी 'अरे' म्हणाली आणि घड्याळाकडे बघू लागली.

पोरीने नजर खाली घातली नाही. खांदे पाडले नाहीत. तिने आधी बैलाकडे पाहिलं, मग माधवीच्या तोंडाकडे चांगलं निरखून पाहिलं. बैल उलटा केला, जिथून पाय निघाला त्या भोकात बोट घालून बघितलं. तेवढ्यात आतून विमलाबाईने, म्हणजे आमच्या मदतनीसने, खिचडी लागतेय म्हणून हाक मारली आणि मी उठले. पुढचं माधवीने सांगितलं. भाविकाने बैल काखेत मारला, पाय मुठीत धरला, दाराशी जाऊन चपला घातल्या, आणि निघून गेली. मिनिटाचे चाळीस सेकंद बाकी होते आणि त्या वेळात बोलायचं नाही असा नियम होता. माधवीने ते चाळीस सेकंद खरोखर मोजले. मग ती बाहेर धावली तर अंगणात कुणी नाही.

तिच्या कागदावर मी नंतर पाहिलं. नजर शून्य, खांदे शून्य, कबुली शून्य, दुरुस्ती शून्य. शेवटी लिहिलं होतं, खोली सोडून गेली, टाळाटाळ.

आम्ही शोधायला लागलो. आधी घर, मग शाळेचं मैदान, हापशी, देऊळ. विमलाबाई पाटाच्या कडेने धावत गेली आणि मला तिकडे बघवेना. काजल शेतातून तशीच आली, ओट्यात तोडलेल्या गवारीच्या शेंगा वाटभर सांडत. कुसुमबाई अंगणवाडीच्या अंगणात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "तवाबी अशीच पळाली होती. मोडलं का पळते थे. आता तर चोरीबी शिकली."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्याही मनात तेच आलं होतं. अठ्ठावीस वर्षं पोरं पाहिली, आणि मला वाटलं, असतं एखादं पोर तसं. माधवी पायरीवर बसून रडत होती. मी हिला खरं सांगितलंच नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पोरगी ही समजूत घेऊन फिरते आहे की बैल आपण मोडला.

तेव्हा मला त्या तिसऱ्या पोरीचं बोलणं आठवलं, नत्थू आबाजी लावून देते. पण नत्थूजी सकाळच्या बसने वर्ध्याला रंग आणायला गेलेले. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बोरगावच्या रस्त्याला त्यांच्या दुकानाकडे कुणी फिरकलंच नव्हतं. मी तरी कशाला जात होते, पण दुसरं काही सुचेना म्हणून गेले.

टिनाच्या शेडखाली विटांवर तीस-चाळीस बैल वाळत ठेवले होते, लाल, पांढरे, काळे. दाराला कुलूप. आणि पायरीवर भाविका. गुडघे जुळवून बसलेली, मांडीवर तीन पायांचा बैल, मुठीत चौथा पाय. आजूबाजूला एवढे धडधाकट बैल, पण तिने एकालाही हात लावला नव्हता. तिची नजर कुलपावर होती.

मी हाक मारणार होते, तेवढ्यात थबकले. हे बसणं मी पाहिलं होतं. हेच जुळवलेले गुडघे, हेच कुलपाकडे बघणं. त्या रविवारी, माझ्याच अंगणवाडीच्या पायरीवर.

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, आबाजी कवा येते?"

मी म्हटलं, येतीलच. मग तिला विचारलं, "भाविका, बाबू पडला होता ना, त्या दिवशी तू अंगणवाडीत कायले आलती?"

"मलम पाह्यजे होतं," ती म्हणाली. "लाल फुलीच्या पेटीतलं. बाबूले रक्त आलं होतं."

माझ्याकडे लाल फुलीची पत्र्याची पेटी आहे. कुणी पडलं, खरचटलं, की मी तीच उघडते, फुंकर घालून मलम लावते आणि पोर पुन्हा खेळायला पळतं. साडेचार वर्षांच्या, तेव्हा तर चारच्या, पोरीला रविवार म्हणजे काय ते कुठे ठाऊक. तिला एवढंच ठाऊक होतं, की रक्त आलं की प्रमिलाबाई, म्हणजे मी. ती धावत आली होती. दार बंद होतं म्हणून माझी वाट बघत बसली होती. आणि मी आले, ती तिचा हात धरून तिला ओढत घरी घेऊन गेले.

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी रागावल्या होत्या," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. मोठ्याने रडले, रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्याने वळून बघितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी केलं होतं, आणि वर लोकांसमोर. मी तिला म्हटलं, "चूक तुयी नाई, मायी होती. मी न विच्यारता बोलली." पोरांची माफी मागायची मला सवय नाही. तिने थोडा विचार केला आणि मग आपल्या फ्रॉकच्या घेराने माझा गाल पुसला, बैल मांडीवरून पडू न देता.

दोनच्या बसने नत्थूजी उतरले. तोवर काजल आणि माधवीही येऊन पोचल्या होत्या. काजलने पोरीला उचलायला हात पुढे केले, पण भाविका आधी नत्थूजींकडे गेली, बैल आणि पाय त्यांच्यापुढे धरले, आणि म्हणाली, की मॅडमचा लहानपणचा बैल आहे, माझ्यानं मोडला. कबुलीचा रकाना तीन तास उशिराने भरला.

नत्थूजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान फिरवली. त्यांनी कुलूप काढलं. खुंटी तासली, लाकडाचा भुसा कालवून फेविकॉल भरला, पाय बसवला आणि वरून दोरी आवळली. "आता मी मेलो तरी निघत नाई," ते म्हणाले. मग माधवी भाविकासमोर उकिडवी बसली आणि तिने खरं ते सगळं सांगितलं. पाय मी मुद्दाम सैल करून घेतला होता. तो निघणारच होता. तू मोडला नाहीस, आणि हा माझा लहानपणीचाही नाही.

भाविकाने ते नीट ऐकून घेतलं. "मंग असा बनवला काऊन?" तिने विचारलं.

माधवीने नत्थूजींकडे बघितलं, नत्थूजींनी माझ्याकडे.

मी घरी न जाता तशीच कुसुमबाईकडे गेले. अंगणात किशोर होता, शेजारच्या दोघी होत्या. चैत्रात मी जे बोलले ते लोकांसमोर बोलले होते, तेव्हा आताही लोकांसमोरच बोलायला हवं होतं. मी सांगितलं, की पोरगी खेळायला आली नव्हती, मलम मागायला आली होती. पळाली ते पळून जायला नव्हे, माणूस आणायला. मी तिला न विचारता तिच्यावर आळ घेतला आणि तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. कुसुमबाईने मला अडवलं नाही. सगळं झाल्यावर उठली, बाबू उठला वाटते म्हणाली आणि आत गेली. बाबू जागा नव्हताच, मला बाहेरून पाळणा दिसत होता. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत मी परतले. परसात दोरीवर भाविकाचे बाकीचे फ्रॉक वाळत होते, पाचही, कारंज्याला न्यायचे म्हणून धुतलेले.

संध्याकाळी माधवी कागद घेऊन माझ्या ओट्यावर आली. पोरगी मिनिटाच्या आत खोली सोडून गेली, म्हणून नियमाप्रमाणे तिची नोंद बाद होते, असं तिने सांगितलं. मला राग आला. जिने सगळ्यात जास्त केलं तिचीच नोंद बाद. पण माधवी पुढे म्हणाली, की मी बाद करणार नाही, वेगळी टीप लिहिणार आहे, आणि संस्थेतल्या सरांना सांगणार आहे की आपलं मिनिट फार लहान आहे. पोर खोलीतून गेलं की आपण लिहितो टाळाटाळ, पण ते कुठे गेलं हे कुणी बघायला जात नाही. सैल पायाचा बैल ती आता कुठल्याच गावात नेणार नव्हती. खेळणं खरंच मोडेल तेव्हा बसून बघेन, म्हणाली, वेळ लागला तर लागू दे. मी तिला चहा दिला, आणि तिच्याबद्दल आधी जे काही बोलले होते त्यातलं निम्मं मनातल्या मनात मागे घेतलं.

ती गेल्यावर मी तो रिकामा कागद बघत बसले, एक जास्तीचा माझ्याकडे राहिला होता. चूक झाल्यापासून दुरुस्ती करायला किती वेळ लागला, असा त्यात एक रकाना आहे, सेकंदांचा. भाविकाने वीस सेकंदांत चपला घातल्या होत्या. मला चैत्रापासून श्रावण लागला.

पोळा शुक्रवारी झाला, शनिवारी तान्हा पोळा. त्या दिवशी अंगणवाडीला सुटी, पण मी सकाळीच जाऊन लाल फुलीची पेटी घरी आणून ठेवली होती, आणि पोरांना सांगून ठेवलं होतं की दार बंद दिसलं तर बाईचं घर विहाराच्या मागे, निळ्या दाराचं. आमच्याकडे बैलाची पूजा नाही, पण बोजारा आहे. चिवड्याच्या पुड्या बांधून मी ओट्यावर बसले. चारनंतर पोरं यायला लागली. कुणाच्या बैलाला फुगे, कुणाच्या बैलाला मोबाईलचा दिवा. मी येणाऱ्या प्रत्येक पोराकडे बघत होते आणि ती दिसत नव्हती. कारंज्याची बस दुपारी तीनची असते, भाविकाला तिने धाडलं का, हे मला कुणाला विचारायचंही धाडस होत नव्हतं.

साडेपाचला ती वळणावर दिसली. पिवळा फ्रॉक, त्याच करकचून वेण्या. एका हातात बैलाची दोरी, तोच बैल, माधवीने तिला देऊन टाकलेला, नत्थूजींनी पायाच्या जोडावर वेगळा लाल रंग दिलेला. दुसऱ्या हातात बाबूचा हात. बाबू नुकताच चालायला लागला होता, दर चार पावलांवर बसत होता, आणि ती थांबून त्याला उठवत होती. बैल, पोरगा आणि पोरगी, तिघांची ती मिरवणूक वळणापासून माझ्या ओट्यापर्यंत यायला चांगली दहा मिनिटं लागली.

मागे, दहा पावलांवर, कुसुमबाई चालत होती. दोन्ही हात पदराखाली, रिकामे. ओट्यापाशी आल्यावर ती जरा बाजूला उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"त्या दिवशी माया डोया लागला होता, प्रमिलाबाई. थे चार वर्साची, आन् म्या पोरगा तिच्या भरवशावर टाकून झोपली." मग म्हणाली, "आज म्याच देल्ला तिच्या हातात."

मी उठले. तिला बसायला चटई टाकली. बाबूच्या गुडघ्याला वाटेत खरचटलं होतं, रक्त म्हणावं इतकंही नव्हतं, पण भाविकाने बोजाऱ्याकडे बघितलंच नाही. तिने बाबूला ओट्यावर बसवलं, त्याचा गुडघा माझ्यापुढे केला, आणि मी पेटी उघडेपर्यंत फुंकर घालत राहिली.